बीट लेखन आणि बोलीचा दावा

१

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जी प्रतिसंस्कृती उदयास आली, तिचा विचार बहुधा आचाराच्या अंगाने केला जातो. भटकंती, मादक द्रव्ये, लैंगिक बंधनांचा त्याग, पौर्वात्य धर्मांचे आकर्षण यांची यादी दिली की बीट पिढीचे विवेचन पुरे झाले, असे मानण्याकडे अभ्यासकांचा कल असतो. परंतु या पिढीचा स्वतःचा दावा प्रामुख्याने भाषेविषयीचा होता. विद्यापीठीय कवितेची घडीव, उपरोधप्रधान भाषा निर्जीव झाली असून बोलण्याची भाषा सुचेल त्या क्रमाने कागदावर उतरविणे हेच लेखकाचे कर्तव्य होय, असा तो दावा. उत्स्फूर्त गद्याविषयीचे जॅक केरुॲकचे टिपण १९५७ साली प्रसिद्ध झाले. लिहिलेला मजकूर मागाहून सुधारू नये, असा त्याचा आग्रह आहे. समर्थकांनी हा दावा जसाच्या तसा स्वीकारला, आणि विरोधकांनीही तो खरा धरूनच या लेखनास अनघड ठरविले. लेखनाचा पुरावा मात्र वेगळी साक्ष देतो.

२

‘ऑन द रोड’ ही कादंबरी केरुॲकने एप्रिल १९५१ मध्ये सुमारे तीन आठवड्यांत, कागद जोडून केलेल्या जवळजवळ १२० फूट लांबीच्या गुंडाळीवर टंकलिखित केली, ही कथा सर्वश्रुत आहे. ती खोटी नाही, अपुरी आहे. या तीन आठवड्यांमागे कित्येक वर्षांच्या टिपणवह्या होत्या, आणि पुढे १९५७ मध्ये पुस्तक प्रसिद्ध होईपर्यंत संहितेवर अनेक संस्कार झाले. मूळ गुंडाळीची संहिता २००७ साली स्वतंत्रपणे छापली गेल्यापासून दोहोंतील अंतर कोणासही पडताळून पाहता येते.

ॲलन गिन्सबर्गच्या ‘हाऊल’ची स्थिती निराळी नाही. ७ ऑक्टोबर १९५५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतील सिक्स गॅलरीत या कवितेचे प्रथम जाहीर वाचन झाले. तिचे कच्चे खर्डे १९८६ साली प्रसिद्ध झाले असून त्यांत ओळींची क्रमवारी बदललेली, शब्द पुनःपुन्हा तपासलेले दिसतात. कवितेच्या पहिल्या भागाची वाक्यरचना पाहिली तर हे अधिकच स्पष्ट होते. एकाच संबंधी सर्वनामाने आरंभ होणारी उपवाक्ये तेथे पृष्ठेच्या पृष्ठे चालतात. कोणत्याही बोलीत माणसे अशी बोलत नाहीत. ही रचना बायबलमधील स्तोत्रांची आणि व्हिटमनची आहे. बोलीचे आहेत ते त्या चौकटीत बसविलेले शब्द. गल्लीतील शब्द आणि प्रार्थनेची वाक्यरचना यांचा संघर्ष घडविणे हे ‘हाऊल’चे खरे भाषिक कार्य होय. श्वासाच्या लांबीवर ओळ तोलण्याचा जो विचार चार्ल्स ओल्सनने १९५० मध्ये मांडला होता, त्याचे सामर्थ्यही येथे प्रत्ययास येते. तात्पर्य, उत्स्फूर्तता हा या लेखनाचा मार्ग नसून त्याने साधलेला परिणाम होय.

येथे एका चरित्रविषयक तपशिलास भाषिक महत्त्व आहे. केरुॲकची मातृभाषा कॅनडातील क्वेबेक प्रांताची फ्रेंच होती. मॅसॅच्युसेट्समधील लोवेल गावी वाढताना इंग्रजी ही त्याने नंतर आत्मसात केलेली भाषा. गिन्सबर्गची आई रशियातून स्थलांतरित झालेली होती. ज्या बोलीला हे लेखक अमेरिकेचा खरा आवाज म्हणत होते, ती निदान केरुॲकने तरी बाहेरून, कान देऊन ऐकलेली होती. स्वभाषकास जे सवयीने ऐकू येत नाही ते त्याने टिपले, ते याच अंतरामुळे, असे म्हणावयास जागा आहे.

३

ही बोली कोणाची होती, हा प्रश्न मात्र अधिक अडचणीचा आहे. ‘बीट’ या शब्दाचा थकलेला, नाडलेला हा अर्थ न्यू यॉर्कच्या रस्त्यांवरून आणि जॅझ वादकांच्या बोलण्यातून आला. केरुॲकने त्यास पुढे दिव्यानंदाचा अर्थ जोडला. ‘हिप’ हा शब्दही कृष्णवर्णीय वादकांच्या बोलीतूनच प्रसार पावला. केरुॲकने आपल्या गद्याचा आदर्श म्हणून सॅक्सोफोन वादकाचा श्वास सांगितला. म्हणजे शब्द, लय आणि सिद्धान्त या तिन्ही ठिकाणी ऋण एकाच समाजाचे आहे. नॉर्मन मेलरने १९५७ मधील ‘द व्हाइट निग्रो’ या निबंधात या ऋणाचे तत्त्वज्ञान बनविले; पण तसे करताना कृष्णवर्णीय माणूस हे गोऱ्या माणसाच्या मुक्तीचे एक रूपक होऊन बसले. जेम्स बाल्डविनने १९६१ साली मेलरविषयी लिहिताना या वृत्तीवर, आणि त्या ओघात केरुॲकच्या कादंबरीतील अशाच एका उताऱ्यावर, कठोर आक्षेप घेतला. हा आक्षेप आजही अनुत्तरित आहे.

त्याची सत्यता बॉब कॉफमनच्या उदाहरणाने पटते. सॅन फ्रान्सिस्कोच्या नॉर्थ बीच भागातील उपाहारगृहांत हा कृष्णवर्णीय कवी आपली कविता तोंडी म्हणत असे. तिच्यातील बरेच काही त्याच्या पत्नीने लिहून ठेवले म्हणून टिकले. मौखिक उत्स्फूर्तता हीच जर कसोटी असेल, तर या मंडळात तिला उतरणारा कवी कॉफमन होय. परंतु अभ्यासक्रमांत त्याचे नाव सर्वांत मागे येते. लेरॉय जोन्सने १९५८ पासून हेटी कोहेनसमवेत ‘युगेन’ हे नियतकालिक चालवून बीट कवींना व्यासपीठ दिले. माल्कम एक्सच्या हत्येनंतर, १९६५ मध्ये, तो हे मंडळ सोडून हार्लेमला गेला आणि पुढे अमिरी बराका झाला. त्याचे जाणे केवळ राजकीय नव्हते. एका बोलीचे तिच्या मूळ भाषकांकडे परतणे होते.

४

सामाजिक प्रभावाचा आलेखही शब्दांतूनच वाचता येतो. ‘हाऊल’ विकल्याबद्दल प्रकाशक लॉरेन्स फर्लिंगेटीवर खटला झाला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी न्यायाधीश क्लेटन हॉर्न यांनी ही कविता अश्लील नसल्याचा निर्णय दिला आणि लेखकास सौम्य पर्यायी शब्दांची सक्ती करता येत नाही असे मानले. अशा रीतीने बोलीस न्यायालयात मान्यता मिळाली. वृत्तपत्रांनी मात्र तिला दुसऱ्या मार्गाने नमविले. २ एप्रिल १९५८ रोजी हर्ब केन या स्तंभलेखकाने ‘बीटनिक’ हा शब्द वापरला. स्पुतनिक या रशियन उपग्रहाची स्मृती ताजी असताना जोडलेला तो प्रत्यय उपहास आणि परकेपणा दोन्ही सुचवितो. ‘हिप’चे ‘हिप्पी’ झाले तेही लघुत्वदर्शक प्रत्ययानेच. मराठीत कवीचा ‘कवडा’ करताना हीच प्रक्रिया घडते. या शब्दांबरोबर जो चळवळीचा प्रसार झाला, तो बहुतांशी वेषाचा आणि विक्रीचा प्रसार होता. ऑक्टोबर १९६७ मध्ये हेट-ॲशबरी वस्तीतील मंडळींनी स्वतःच ‘हिप्पी’ची लटकी अंत्ययात्रा काढली, ती या नावाच्या व्यापारास कंटाळूनच.

५

गिन्सबर्ग १९६२ मध्ये मुंबईस आला आणि येथील तरुण कवींस भेटला. यावरून मराठी लघुनियतकालिकांची चळवळ ही बीट प्रभावाची शाखा होय, असे विधान क्वचित केले जाते. कालक्रम त्यास अनुकूल नाही. ‘शब्द’ हे अनियतकालिक १९५४ सालचे, आणि अश्लीलतेच्या आरोपाखाली कवितेवर खटला होण्याचा अनुभव मराठीने मर्ढेकरांच्या वेळीच घेतला होता. शिवाय ज्या भाषेत अभंग आणि ओवी आहेत, तिला बोलीतील कविता परक्याकडून शिकण्याचे कारण नव्हते. अरुण कोलटकरांची मुंबईच्या मिश्र हिंदीतील कविता हा तुलनेचा खरा विषय आहे. पण तेथेही उत्स्फूर्ततेची प्रशंसा करून भागणार नाही. ती बोली कोणाची, कागदावर येताना तिच्यात कोणता फेरफार झाला, आणि मूळ भाषकास त्या कवितेत बोलणाऱ्याचे स्थान मिळाले की केवळ विषयाचे, हे तीन प्रश्न विचारावे लागतील. बीट लेखनाच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाकडे समर्थकांनी आणि दुसऱ्याकडे विरोधकांनी पाठ फिरविली. तिसरा बाल्डविनने विचारला. समीक्षेने या तिन्ही प्रश्नांचा एकत्र विचार केल्याशिवाय या लेखनाचे मूल्यमापन पूर्ण होणार नाही.