रीयुनियनखालील प्रावरण आणि सागरतळावरील भूकंपमापक : एक चिकित्सा

दख्खनच्या बेसॉल्टाची निर्मिती शिकविताना फळ्यावर एक आकृती हमखास काढली जाते. गाभ्याच्या सीमेपासून सरळ वर आलेला उष्ण खडकाचा खांब, त्यावरून उत्तरेकडे सरकणारा भारतीय भूपट्ट आणि सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे उद्रेक. हा खांब, म्हणजेच प्लूम, आज हिंदी महासागरातील रीयुनियन बेटाखाली असल्याचे सांगितले जाते. डब्ल्यू. जे. मॉर्गन यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या गृहीतकाचे हे सुलभ रूप होय. आता सागरतळावरील भूकंपमापकांनी ते 'सिद्ध' केले, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखात या समजुतीची चिकित्सा केली आहे.

भूकंपमापक केंद्रे मुख्यतः भूखंडांवर आहेत, त्यामुळे महासागराखालील प्रावरण दीर्घकाळ अंधारातच राहिले. ही उणीव भरून काढण्यासाठी 'ऱ्हम-रम' या फ्रेंच-जर्मन प्रकल्पात २०१२ मध्ये रीयुनियनभोवतीच्या सागरतळावर ५७ भूकंपमापक सोडण्यात आले आणि २०१३ मध्ये ते वर काढण्यात आले. दूरच्या भूकंपांच्या लहरी अधिक उष्ण खडकातून जाताना किंचित मंदावतात. या विलंबावरून प्रावरणाची रचना अनुमानिली जाते. येथे अडचणी लहान नाहीत. पाण्याखाली उपग्रहाचा वेळसंकेत पोहोचत नाही, म्हणून उपकरणातील घड्याळाची चूक नंतर दुरुस्त करावी लागते. जहाजावरून सोडलेले यंत्र तळाशी कोणत्या दिशेला तोंड करून बसले, हेही ठाऊक नसते. ती दिशा पुढे नोंदलेल्या भूकंपलहरींवरूनच ठरविण्यात आली. तळावरील प्रवाहांमुळे आडव्या घटकांच्या नोंदींत गोंगाट येतो, तो वेगळाच. इतके संस्कार झाल्यावर हाती येणाऱ्या आकृतीला 'प्रावरणाचे छायाचित्र' म्हणणे सैलपणाचे आहे. ते एक गणिती प्रतिमान असते.

या व अन्य नोंदींच्या आधारे २०२१ मध्ये 'नेचर जिओसायन्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सरळ खांब आढळला नाही. सुमारे १,५०० किलोमीटर खोलीच्या खाली एक सलग खोड आणि तेथून बाहेरच्या बाजूस कलत वर गेलेल्या तीन फांद्या, अशी वृक्षासारखी रचना संशोधकांनी मांडली. येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. फांद्यांचा कल हा लहरींच्या विश्लेषणाचा निष्कर्ष आहे. उष्ण खडकाचे गोळे खालच्या पट्ट्यापासून एकामागून एक सुटून सरळच वर येतात आणि त्यांच्या रांगेमुळे कललेली फांदी दिसते, हे मात्र त्या निष्कर्षाचे स्पष्टीकरण आहे. अभ्यासकांनीही ते प्रस्ताव म्हणूनच मांडले आहे. आणखी एक मर्यादा अशी की, लहर मंदावण्यास तापमानाप्रमाणेच अंशतः वितळलेला खडक किंवा भिन्न रासायनिक घडण कारण असू शकते. केवळ वेगावरून यांचा निवाडा होत नाही.

मात्र अध्यापनाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा मुद्दा काळाचा आहे. हे भूकंपमापक आजचे प्रावरण दाखवितात. दख्खनचे उद्रेक ज्या उष्ण द्रव्यातून झाले, ते त्यांच्या नोंदींत असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. दख्खन आणि रीयुनियन यांना जोडणारा पुरावा निराळा आहे : भूपट्टांच्या गतीची पुनर्रचना आणि लक्षद्वीप-मालदीव-चागोस ही सागरांतर्गत डोंगररांग. १९८७ मध्ये या पट्ट्यात सागरतळाला घेतलेल्या छिद्रांतून मिळालेल्या बेसॉल्टाचे वय दक्षिणेकडे कमी होत जाते. विद्यार्थ्यास प्रथम हा पुरावा द्यावयास हवा. रीयुनियनखालील प्रतिमान त्यानंतर यावे, तेही फांदी तिरपी काढून.