उपस्थिती आणि सान्निध्य

व्हॅटिकनच्या समाजसंपर्क परिषदेने फेब्रुवारी २००२ मध्ये ‘चर्च आणि इंटरनेट’ हा निबंध प्रसिद्ध केला. त्यातील एक निर्णय निःसंदिग्ध आहे: इंटरनेटवर संस्कार होऊ शकत नाहीत, मिस्सेतील ख्रिस्तसान्निध्याची वा हाडामांसाच्या भक्तसमुदायाची जागा आभासाला घेता येणार नाही.

पुढच्याच वर्षी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र शासनाच्या एका खटल्यात वरवर पाहता उलट निवाडा दिला. आरोपीच्या ‘समक्ष’ साक्ष घेणे म्हणजे देहाने समोर असणेच नव्हे. व्हिडिओद्वारे घेतलेली साक्षही समक्षच होय. मात्र ह्याचा आभासी जगाशी संबंध नाही, हेही न्यायालयाने बजावले. जे नाही ते भासणे हा आभास. पडद्यावरील साक्षीदार खरोखरच कोठेतरी असतो.

ह्या भेदावर घासून पाहता निबंधाचे बळ आणि उणीव दोन्ही दिसतात. तैलाभ्यंगाला रुग्णाचे कपाळ हवे. तेथे त्याचा नकार योग्यच. परंतु पाळकीय सेवा म्हणजे केवळ संस्कार नव्हेत. ब्रिटनमध्ये २००४ साली मेथडिस्ट चर्चच्या साहाय्याने ‘चर्च ऑफ फूल्स’ हे आभासी प्रार्थनामंदिर उघडले. तेथे पडद्यावरच्या बाहुल्या गुडघे टेकीत. टवाळखोर शिव्या देत, म्हणून रखवालदारही नेमावे लागले. बाहुल्या खोट्या होत्या. त्या चालविणारी माणसे आणि त्यांचे एकाकीपण खरे होते. ह्या माणसाचे काय करावयाचे, ह्याचे पुरेसे उत्तर निबंधात मिळत नाही.

ते उत्तर महामारीने मागितले. मार्च २०२० मध्ये गोव्यातील चर्चची दारेही बंद झाली. त्याच महिन्यात रोमने, माध्यमांतून मनोभावे प्रार्थनेत सहभागी होणाऱ्या कोरोनाग्रस्तांना काही अटींवर पापदंडाची पूर्ण माफी दिली. संस्काराचा नियम न मोडता दयेची वाट मोकळी केली, हे मला न्यायबुद्धीचे लक्षण वाटते.

मे २०२३ मधील ‘पूर्ण उपस्थितीकडे’ हे चिंतन म्हणूनच अधिक परिपक्व आहे. माझा शेजारी कोण, हा प्रश्न ते चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याने विचारते. मात्र त्याची भाषा उपदेशाकडे अधिक झुकते. शोमरोन्याने केवळ जखमी माणसाला पाहिले नाही. जखमा बांधल्या, त्याला जनावरावर बसविले, उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दीनार दिले. पडद्यावर हाक ऐकू येते, सांत्वनास आरंभही होतो. पुढे त्या घरी कोणी जावयाचे, हे प्रत्येक धर्मग्रामाने नेमून दिले पाहिजे. एरवी ऐकणे हीच सेवा समजली जाईल.