माया कुणाला फसवते?

गेल्या हंगामात पेडणे तालुक्यातल्या एका जत्रेत दशावतारी मंडळींचं वृंदा-जालंधराचं आख्यान पाहायला बसलो आणि मध्येच उठून आलो. वृंदेला फसवायला विष्णू तिच्या नवऱ्याचं, जालंधर दैत्याचं रूप घेतो त्या क्षणी धुराचं यंत्र फुसफुसलं, लाल-हिरवे दिवे लुकलुकले, आणि धूर विरला तेव्हा त्या जागी दुसरा नट उभा होता. टाळ्या पडल्या. माझ्यापुरतं नाटक तिथंच संपलं.

हेच आख्यान पूर्वी डिचोलीकडच्या एका देवळासमोर पाहिलं आहे. मागं पडदा, पुढं एक बाक, बाजूला पायपेटी, मृदंग, झांज. आपण काय करणार ते सांगून विष्णू पडद्याआड गेला आणि मघाचा जालंधरच बाहेर आला. तोच मुकुट, त्याच मिशा. पण मघा धाडधाड टाच आपटणारा तो आता पाऊल टेकण्याआधी क्षणभर थांबत होता. हसू दैत्याचं सुरू व्हायचं आणि मध्येच मऊ पडायचं. वृंदेनं पाय धुवायला तांब्या उचलला, त्या पावलांकडे पाहिलं, हात थबकला. मग तिनं पाणी घातलं. माझ्या शेजारची म्हातारी ओरडली, ‘गो बाये, तो तुजो घोव न्हय!’

तो थबकलेला हात कुठल्या संहितेत नव्हता. रंगपटात आख्यान ठरतं, पात्रं वाटली जातात, बाकी सगळं नट उभ्या उभ्या रचतात.

समोरचा जालंधर खोटा आहे हे नटाला ठाऊक असतं, वृंदेला नसतं. अमेरिकेत 1974 साली निघालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळात हाच पेच आहे. सूत्रधार सांगतो, समोर भिंत आहे. ती मायावी असल्याचं खेळाडूनं कधी कधी ओळखलेलं असतं, पण त्याच्या पात्राला ते ठाऊक नसतं. पात्राचा हात भिंतीतून आरपार जाईपर्यंत चांगला खेळाडू आपलं शहाणपण त्याला उसनं देत नाही. वृंदा करणारा नटही नेमकं हेच करतो.

माया फसवते ती पात्राला. प्रेक्षकाला सगळं माहीत असतं, म्हणूनच तो तळमळतो, ओरडतो. धूर-दिव्यांचा ट्रिकसीन पात्राला सोडून प्रेक्षकाला फसवायला धावतो. मग ओरडणार कोण?

 

यंत्रं आणली नाहीत तर तरुण पोरं येत नाहीत, असं मंडळवाले सांगतात. मला हे पटत नाही. पोरांच्या मोबाइलवर याहून कितीतरी सरस करामती आहेत. त्या शर्यतीत भाड्याचं धूरयंत्र हरणारच. मुख्य आख्यानाआधीच्या आड दशावतारात संकासूर वेद पळवतो, ते कुठल्या यंत्रानं? आजही तो येताच पोरं आईला बिलगतात. यंत्राच्या भाड्याचे पैसे मृदंगवाल्याला द्या, वृंदा उभी करणाऱ्या नटाला द्या. धुराआड उभं राहण्याची सवय लागलेला नट टाचेनं बोलायला विसरेल, आणि ही विद्या लिहून ठेवलेली नाही. ती एका नटाकडून दुसऱ्याकडे पाहून पाहूनच जाते.

कार्तिकी पुनवेनंतर पुन्हा जत्रा सुरू होतील. देवस्थान समित्यांना माझी कळकळीची विनंती आहे: नाटक ठरवताना ट्रिकसीन आहे का, हे विचारू नका. वृंदा कोण करतो, ते विचारा.