उघड्या विटांचे सौंदर्यशास्त्र

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत परळला एका परिचित प्राध्यापकांच्या नव्या घरी जाण्याचा योग आला. इमारत एका जुन्या गिरणीच्या जागेवर उभी आहे. दिवाणखान्याच्या एका भिंतीवर विटांचे पातळ काप चिकटवून गिलावा नसल्याचा देखावा केला होता. छताखालून काळे लोखंडी नळ उघडेच नेले होते. त्याला टांगलेले पिवळे बल्ब. आणि भिंतीच्या मधोमध एक लाकडी धोटा, त्याच्या पोटात दिवा. घरमालक म्हणाले, "ही इंडस्ट्रियल शैली. यात काहीच लपवायचे नसते."

या एका वाक्यासाठी हा लेख लिहितो आहे. जी शैली काहीच लपवत नाही असे म्हणते, ती काय लपवते, हे तपासणे समीक्षेचे काम आहे.

मी उमरठचा. तानाजी मालुसऱ्यांचे गाव म्हणून ते सर्वांना ठाऊक आहे. पण पोलादपूर-महाड भागातून पिढ्यान् पिढ्या माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली, त्यांचे स्मारक कुठेच नाही. माझा पणजा गेला तो रिंगखात्यात लागला. आजाही रिंगखात्यातच लागला आणि 1982 च्या संपात कायमचा घरी आला. आमच्या घराण्यात दोन पिढ्या गिरणीत राबल्या. पण पणज्याने धोट्याला कधी हात लावला नाही. त्याला लावू दिला नाही.

कारण साधे होते. धोट्यातली कांडी संपली की नवी घालावी लागे आणि सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाच्या ओठाचा धोटा दुसऱ्याच्या ओठाला लागे. म्हणून साचेखात्यात अस्पृश्य नको, असा सवर्ण विणकरांचा हट्ट होता. मालकांना तो सोयीचा होता. साचेखात्याची मजुरी जास्त. ती आमच्यासाठी बंद. 20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. पुढच्याच वर्षीच्या गिरणी संपात त्यांनी साचेखात्याचे दार उघडण्याची मागणी कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवली. तळ्याचे पाणी आणि गिरणीचे सूत, दोन्ही ठिकाणी प्रश्न ओठांचाच होता. गाव सोडले, यंत्र आले, तरी विटाळ सुटला नाही. प्राध्यापकांच्या भिंतीवर दिव्याने उजळलेली वस्तू ती ही. तिच्यातला प्रकाश या इतिहासावर पडत नाही.

ही शैली मूळची आपली नाही. न्यूयॉर्कच्या सोहो भागात ओस पडलेल्या कारखान्यांत कमी भाड्यामुळे चित्रकार राहू लागले. मग ती राहणी श्रीमंतांना आवडू लागली, भाडी वाढली आणि चित्रकारांनाच तिथे राहणे परवडेना. शॅरन झुकिन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी यावर 'लॉफ्ट लिव्हिंग' हे पुस्तक लिहिले ते 1982 सालचे. त्याच वर्षी 18 जानेवारीला मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. 1991 च्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा एकेक तृतीयांश वाटा मोकळ्या जागेसाठी आणि सार्वजनिक घरांसाठी होता. 2001 च्या दुरुस्तीने तो हिशेब फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरता केला, आणि 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. फिनिक्स मिलच्या आवारात आज मॉल आहे. चिमणी तेवढी शोभेला उभी आहे. कमला मिलच्या आवारात 29 डिसेंबर 2017 च्या रात्री लागलेल्या आगीत 14 जण गेले. गिरणीचा देह वापरायचा, पण गिरणीने शिकवलेली सुरक्षिततेची किंमत मोजायची नाही, असा हा व्यवहार आहे.

जुनी इमारत पाडण्यापेक्षा वापरात ठेवणे केव्हाही चांगले, हे मला मान्य आहे. गिरणीच्या वास्तूत सौंदर्य नव्हते असेही मी म्हणणार नाही. दातेरी छताची काच उत्तरेकडे असे, कारण सारख्या उजेडात तुटलेला धागा दिसावा. खिडक्या बंद ठेवत, कारण हवा कोरडी झाली की सूत तुटे. त्या कोंडलेल्या हवेतला कापूस माणसांच्या छातीत बसे. प्रत्येक आकारामागे काम होते आणि कामाखाली माणूस होता. नव्या शैलीने आकार उचलला आणि काम व माणूस गाळला. माझा आक्षेप त्या गाळण्याला आहे.

आमच्या वाडीतही उघड्या विटांची घरे आहेत. घरकुलाचा हप्ता आणि पदरचे पैसे भिंतींपर्यंतच पुरतात; गिलाव्याला उरत नाहीत. पावसाळ्यात विटांतून ओल येते. आमच्या भिंतींना गिलावा झाला आणि निळा रंग लागला, त्या वर्षी आईने सगळ्या वाडीला चहा पाजला होता. उघडी वीट ही निवड असते तेव्हा ती शैली होते. नाइलाज असतो तेव्हा तिला दारिद्र्य म्हणतात. ज्याला गिलावा परवडतो त्यालाच तो नाकारण्याचे सुख आहे. हा भेद न पाहणारे सौंदर्यशास्त्र आपल्या उपयोगाचे नाही.

पण दोष एकट्या अभिजनांना देऊन चालणार नाही. गिरणगावाच्या आठवणी सांगणारे आपले पुरोगामी मित्रही 'कामगार' हा एकच शब्द वापरतात, आणि त्या शब्दाखाली खात्याखात्यांतली जात झाकली जाते. तोही एक गिलावाच आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मी एवढेच सांगतो: घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजोबा कुठल्या गिरणीत होते एवढे विचारून थांबू नका. कुठल्या खात्यात होते, आणि कुठल्या खात्यात त्यांना घेतले नाही, हेही विचारा. उत्तर लिहून ठेवा. ती माणसे फार दिवस राहणार नाहीत.