खाँसाहेबांचा गळा

‘कट्यार काळजात घुसली’ हे नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. त्यातले खाँसाहेब वसंतराव देशपांडे जन्माने मूर्तिजापूरचे. आमच्या यवतमाळची शकुंतला रेल्वे त्याच गावाला जायची, म्हणून या नाटकावर आपलाही थोडा हक्क!

२०१५ च्या चित्रपटासाठी ही गाणी नव्याने ध्वनिमुद्रित झाली. खाँसाहेबांचा गळा राहुल देशपांडे यांचा, वसंतरावांच्या नातवाचा. त्याविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती नव्याने घातलेल्या कव्वालीविषयी.

जितेंद्र अभिषेकींनी ‘घेई छंद’ हे पद दोन चालींत बांधले. एक सालगवराळीत, अभिषेकींनी स्वतः गायिलेली. दुसरी धानीत, वसंतरावांच्या तोंडी. शब्द तेच, मराठीच. बदलते ती गायकी. खाँसाहेब वेगळे आहेत हे तानेतून कळते, त्यासाठी टोपी लागत नाही.

शंकर-एहसान-लॉय यांची ‘यार इलाही’ कानाला गोड आहे. आमच्या शाळेतली मुले बाकावर ठेका धरून ती म्हणतात. पण खाँसाहेबांच्या कलेविषयी ती काहीच सांगत नाही. मुसलमान आले, एवढीच वर्दी देते. मराठीच्या तासाला मी मुलांना वसंतरावांची धानीच ऐकवते.