स्पर्धेनंतरचें गाणें

झी मराठी वाहिनीवर 2008 सालीं झालेली ‘सा रे ग म प’ची ‘लिटिल चॅम्प्स’ ही बालगायकांची स्पर्धा वाचकांच्या स्मरणांत असेलच. त्या दिवसांत कोणाच्या घरीं जावें, तर यजमानांचें अर्धें लक्ष पडद्याकडे असे. आपण लवकर उठावें, हें पाहुण्यानेंच ओळखावें लागे. रत्नागिरीचा प्रथमेश लघाटे, लातूरचा रोहित राऊत, अलिबागची मुग्धा वैशंपायन, आळंदीची कार्तिकी गायकवाड व पुण्याची आर्या आंबेकर हीं पांच मुलें अंतिम फेरींत पोंचलीं, आणि 2009 च्या फेब्रुवारींत विजेतेपद कार्तिकीला मिळालें. मत देण्याचा अधिकार घरोघरच्या श्रोत्यांनाहि होता. प्रस्तुत लेखकानें मोबाइलवरून एक संदेश धाडला होता, व तो आर्येच्या नांवाचा होता. हें आरंभींच सांगून टाकणें बरें. कारण पुढील विवेचन मुख्यतः तिच्याविषयींचें आहे, आणि मी त्यांत सर्वस्वीं तटस्थ नाहीं.

आर्या त्या वेळीं चौदा वर्षांची होती. तिच्या आई श्रुति आंबेकर या स्वतः शास्त्रीय गायिका, व मुलीच्या गुरुहि त्याच. या घरच्या तालमीचा ठसा तिच्या गाण्यावर स्पष्ट दिसे. स्वर नितळ, शब्दांचा उच्चार स्वच्छ, आणि त्या वयांत दुर्मिळ असा गुण म्हणजे स्वस्थपणा. टाळी मिळविण्याची घाई तिला नव्हती. लता मंगेशकर वा आशा भोसले यांचें गाणें ती म्हणे तेव्हां मुळांतील बारीकसारीक हरकतहि जागच्या जागीं येई, आणि ‘हुबेहूब!’ असा उद्गार श्रोत्यांच्या तोंडून निघे. यापरती स्तुति नाहीं, असेंच आम्ही सारे समजत होतों. मला आज वाटतें, नेमका तो उद्गारच तपासून पाहिला पाहिजे.

श्रीनिवास खळे किंवा हृदयनाथ मंगेशकर यांची चाल प्रथम जिच्या गळ्यांतून उमटली, तिला पुष्कळ निर्णय स्वतः घ्यावे लागले असतील. श्वास कोठें घ्यावयाचा, कोणत्या अक्षरावर रेंगाळावयाचें, कोणतें अक्षर नुसतें शिवून सोडावयाचें, हें सारें कोरें होतें. कित्येक वर्षांनंतर तेंच गाणें स्पर्धेंत म्हणणाऱ्या मुलीपुढें हे निर्णय तयार असतात. तिची परीक्षा होते ती स्मरणाची, तयारीची आणि निष्ठेची. हे गुण लहान नव्हेत. गुरूच्या मागून गाणें हीच तर आपली परंपरा. परंतु तंबोऱ्यामागें बसलेल्या शिष्येला गुरु मध्येंच मान हलवून खूण करतो, ‘आतां तूं घे.’ स्पर्धेंत ही खूण कोणी करीत नाहीं. शिवाय श्रोता मूळ गाण्याच्या आठवणीनेंच अर्धा तृप्त होऊन बसलेला असतो. टाळी आपल्याला पडली कीं त्या आठवणीला, हें बिचाऱ्या मुलीला कळावें कसें?

कार्तिकीची गोष्ट थोडी निराळी होती. वडील कल्याणजी गायकवाड यांच्या हाताखालीं शिकलेली ही मुलगी अभंग व गौळण म्हणे. भीमसेनांची अभंगवाणी घरोघर आहे हें खरें. तरी वारकऱ्याच्या गळ्याला तिचें बंधन वाटत नाहीं. तुकोबांचे शब्द सर्वांचे, चाल ज्याची त्याची. तिच्या मोकळ्या, चढ्या आवाजापुढें ‘हुबेहूब’ हा शब्द लंगडा पडे, आणि तिच्या विजयाचें एक कारण मला त्यांतच दिसतें.

स्पर्धेनंतर कार्यक्रम झाले, दौरे झाले. प्रथमेश व मुग्धा अभंग व नाट्यसंगीतांत रमलीं. रोहित मात्र ‘इंडियन आयडॉल’च्या अकराव्या पर्वांत स्पर्धक म्हणून उभा राहिला, आणि 2020 सालीं दुसरा आला. अकरा वर्षांनीं पुन्हां परीक्षकांपुढें! यांत त्याची उमेद दिसते. पण महाराष्ट्रांत घरोघर नांव झालेल्या गायकाला आपली ओळख नव्यानें करून द्यावी लागावी, ही गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली.

आर्येला 2017 सालीं सतीश राजवाडे यांचा ‘ती सध्या काय करते’ हा चित्रपट मिळाला. त्यांत तिनें नायिकेच्या तरुणपणची भूमिका केली, आणि विधित पाटणकर यांच्यासह ‘हृदयात वाजे समथिंग’ हें गीत म्हटलें. त्यापूर्वीं तिनें ध्वनिमुद्रणें केलीं नव्हतीं असें नाहीं. पण लोकांच्या ओठीं बसलें तें हें. त्यांतील इंग्रजी शब्द मला टोचला. मीं तसें म्हणतांच कन्येनें विचारलें, “बाबा, तुम्ही जन्मभर इंग्रजीच शिकवलंत ना?” मी गप्प बसलों, आणि गाणें पुन्हां ऐकलें. तें हलकें, बोलल्यासारखें गाणें आहे. तिनें स्वर भरून लावण्याचा मोह आवरला आहे, आणि शब्द संभाषणांत यावा तसा सहज टाकला आहे. थोर गाणें म्हणून मी त्याची शिफारस करणार नाहीं. परंतु येथें ‘हुबेहूब’ म्हणण्याची सोयच नव्हती. उलट दुसऱ्या कोणीं तें म्हटलें, तर तुलना आर्येशीं होईल. माझ्या संदेशाचें चीज झालें तें या दिवशीं, आठ वर्षांनीं.

श्रेया घोषाल हिचें उदाहरण अशा वेळीं नेहमी देण्यांत येतें. तीहि ‘सा रे ग म’मधूनच पुढें आली; पण संजय लीला भन्साळी यांच्या ‘देवदास’मध्यें, 2002 सालीं, इस्माइल दरबार यांच्या कोऱ्या चाली तिच्या पुढ्यांत आल्या, आणि त्यांतील ‘बैरी पिया’बद्दल तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेव्हां गुण कोणाचा अधिक, एवढ्यावर हा प्रश्न सुटत नाहीं. कोरी चाल केव्हां मिळाली, हेंहि पाहावें लागतें. मराठींत त्या चालीला गिऱ्हाईक कोठें आहे? आपण तिकीट काढून जातों तें जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमाला, आणि मग नवें कांहीं होत नाहीं म्हणून हळहळतों.

2021 सालीं हीं पांचहि जणें त्याच स्पर्धेच्या नव्या पर्वांत परीक्षकांच्या खुर्च्यांवर बसलीं. आर्येनें आतां तिशी ओलांडली आहे. तिच्या कार्यक्रमाला जाण्याचा योग आला, तर माझी फर्माईश ठरलेली आहे: तिचें स्वतःचें एखादें, आम्हीं पूर्वीं न ऐकलेलें.