गंगारामांचा चहा आणि आपली रसिकता

दरवर्षी २६ जूनला आमच्या महाविद्यालयात राजर्षी शाहू महाराजांची जयंती होते आणि दरवर्षी कोणीतरी वक्ता गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलची गोष्ट सांगतो. तीन वर्षांपूर्वी ती मीच सांगितली. भाषण संपल्यावर बी. ए.च्या पहिल्या वर्गातला एक विद्यार्थी उठला आणि म्हणाला, "सर, पण तो चहा चांगला असायचा का?" सभागृह हसले. मीही हसलो आणि दुसऱ्या प्रश्नाकडे वळलो. ते हसणे मला अजून टोचते. शाहू-आंबेडकरांवरच्या इतक्या सभांना बसलो, पण त्या हॉटेलविषयी आस्वादाचा प्रश्न विचारणारा तो एकटाच भेटला, आणि त्याला मी हसण्यावारी नेले.

गोष्ट वाचकांना ठाऊक आहे. गंगाराम कांबळे संस्थानच्या पागेत चाकरीला होते. स्पृश्यांच्या पाण्याला हात लावला म्हणून सवर्ण नोकरांनी त्यांना मारले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, गंगारामांना चाकरीतून मोकळे केले आणि धंदा काढायला मदत दिली. भाऊसिंगजी रस्त्यावर 'सत्यसुधारक' हॉटेल उभे राहिले. पण महाराचा चहा प्यायला गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराजांचा खडखडा त्या दारात थांबू लागला. महाराज स्वतः चहा घेत आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही घ्यायला लावत.

आपण ही गोष्ट सांगतो ती राजाच्या औदार्याची म्हणून, आणि ती तशी आहेच. पण वाङ्मय शिकवणाऱ्या माणसाला तिच्यात आणखी काही दिसायला हवे. महाराज येण्यापूर्वी त्या चहात जी पत्ती होती, जे दूध होते, जो गूळ किंवा साखर होती, तीच ते आल्यानंतरही होती. महाराजांनी किटलीत काही टाकले नाही. त्यांनी दारात गाडी उभी केली. म्हणजे चहाचे वातावरण बदलले, आणि काल जो चहा घशाखाली उतरत नव्हता तो आज उतरू लागला. चव जिभेवर असते असे म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

'वातावरण' हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण खाण्यापिण्यावरच्या मराठी लेखनाचा तो लाडका शब्द आहे. रविवारच्या पुरवण्यांत कोल्हापूरच्या मिसळीवर लेख येतो, तेव्हा मटकी आणि कट यांना एक परिच्छेद मिळतो आणि वातावरणाला तीन. धुराने काळवंडलेली भिंत, गुळगुळीत झालेली बाकडी, सकाळची रांग, गल्ल्यावरच्या मालकाचा तिरकस स्वभाव, स्टीलच्या ताटलीत मागाहून येणाऱ्या ब्रेडच्या स्लाइस. खासबागेजवळची भेळ उभ्यानेच खावी, गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस डोळ्यांदेखत पिळावी आणि फेसासकट पेला तोंडाला लावावा. यात खोटे काहीच नाही. हीच मिसळ बांधून घरी आणली तर निम्मी होते, हा माझाही अनुभव आहे. माझी तक्रार निराळी आहे. या लेखकांना बाकड्याचा गुळगुळीतपणा दिसतो, त्यावर कोण बसत आले आणि कोण बसू शकत नव्हते ते दिसत नाही. आपल्याला बसायला मिळणारच, हे त्यांचे पहिले गृहीतक असते. पहिलेच असल्यामुळे ते लिहावे लागत नाही.

रस हा शब्द मुळात जिभेचाच आहे. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस समजावताना जेवणाचाच दाखला घेतला. नाना व्यंजनांनी सिद्ध झालेले अन्न खाताना सुमनस माणूस जसा रस चाखतो, तसा सुमनस प्रेक्षक नाटकाचा रस चाखतो, असे त्याचे म्हणणे. दलित समीक्षेने रससिद्धान्त दूर सारला आणि त्याला सबळ कारणे होती. तरी मी 'सुमनस' या शब्दापाशी थांबतो. ज्याचे मन प्रसन्न, निर्धास्त आहे, त्यालाच रस लाभतो. पुढे अभिनवगुप्ताने सात रसविघ्ने सांगितली. त्यांतले एक म्हणजे प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात बुडालेला असणे. त्यावरचा उपायही तो देतो: वाद्ये, गाणे, सजवलेला मंडप. म्हणजे वातावरणच! मंडपात शिरला की माणूस आपले दुःख विसरतो, हा त्याचा हिशेब. आता ज्या मंडपात शिरल्यानेच आपण कोण याची आठवण करून दिली जाते, त्या मंडपाचे काय? तिथे मंडप हेच विघ्न होते. या शक्यतेचा विचार ना शास्त्राने केला, ना रविवारच्या पुरवणीने.

माझ्या वडिलांच्या तरुणपणी, पन्हाळा तालुक्यातल्या आमच्या गावी चहाचे एकच दुकान होते. आमच्या वस्तीतल्या लोकांसाठी कान तुटलेला कप बाहेर वळचणीला खोचलेला असे. तो आपण काढायचा, पुढे धरायचा, वरून चहा ओतला जाई. उकिडवे बसून प्यायचा, आपणच विसळायचा आणि परत खोचायचा. मी एकदा वडिलांना आमच्या त्या विद्यार्थ्याचाच प्रश्न विचारला. त्यांना जरा वेळ लागला. म्हणाले, "चव कुठली ध्यानात ऱ्हातीय? कुणी बघायच्या आत संपवायचा म्हणून घाईनं प्यायाचो. जीभ भाजायची, एवढं ध्यानात हाय." ताटाचा रंग आणि खोलीतला आवाज यांनी चव बदलते, हे मानसशास्त्रज्ञ आता प्रयोग करून दाखवतात. त्यांच्या प्रयोगात वळचणीचा कप नसावा.

कायद्याला मात्र तो कप ठाऊक होता. संविधानाच्या १५व्या कलमात दुकाने आणि उपाहारगृहे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. आणि १९५५च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने, ज्याला १९७६पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, उपाहारगृहातली भांडी वापरू न देणे हाही गुन्हा ठरवला. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) गावच्या चहाच्या दुकानातल्या वेगळ्या कपबशीविरुद्ध शिकलेली पोरे पोलिसांत जातात. आमच्या गावात कोणी पोलिसांत गेले नाही. तिथे प्लास्टिकचा कप आला, मग कागदाचा. सगळ्यांना सारखा, एकदा पिऊन फेकायचा. वळचण रिकामी झाली आणि प्रश्न न सुटताच दिसेनासा झाला. कागदी कपात चहाची मजा नाही, अशी कुरकूर मी शहरातल्या रसिकांकडून ऐकतो. खरेच, नाही. पण आमच्या वस्तीतल्या बायका त्या कपाविरुद्ध एक शब्द बोलत नाहीत.

कप गेला तरी बसण्याचा प्रश्न उरतोच, आणि तो एकट्या आपला नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो गावी १ फेब्रुवारी १९६० रोजी चार काळे विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात गेले. त्या दुकानात त्यांना वस्तू विकत घेता येत होत्या; खाण्याच्या काउंटरवर बसता येत नव्हते. ते बसले, कॉफी मागितली, मिळाली नाही, आणि दुकान बंद होईपर्यंत उठले नाहीत. जुलैत ते काउंटर सर्वांना खुले झाले. पैसे गल्ल्यावर चालतात आणि माणूस बाकड्यावर चालत नाही, ही विद्या फक्त आपल्याच देशाची नव्हे.

बाकडे खुले झाल्यावरही एक गोष्ट शरीरात राहते. वडिलांना मी कोल्हापुरात मिसळ खायला नेतो तेव्हा खाऊन झाल्यावर ते ताटली उचलून नळ शोधतात. वाढणारा पोरगा म्हणतो, "काका, ऱ्हाऊ द्या हो तिथंच." ते ताटली ठेवतात, पण नजर तिच्यावरच असते. आणि अलीकडे शहराबाहेरच्या रस्त्यांवर 'गावाकडचे वातावरण' विकणारी हॉटेले निघाली आहेत: सारवलेल्या भिंती, दारात बैलगाडीचे चाक, कंदील, पितळी तांबे, मध्ये चौक सोडून बांधलेला खोटा वाडा. पहिल्या पगारवाढीच्या आनंदात मी घरच्यांना अशा एका ठिकाणी घेऊन गेलो. वडील दाराशीच थांबले. म्हणाले, "हितं तर वाडाच बांधलाय की रं. आपण कुठनं जायाचं आत?" ते चेष्टेने म्हणाले, आम्ही सगळे हसलो, तांबडा-पांढरा रस्साही उत्तम होता. पण शेजारच्या टेबलावरच्या कुटुंबाला त्या चौकात आपले आजोळ भेटत होते आणि मला भाकरीसाठी चौकाबाहेर उभी राहिलेली माझी आजी. रस्सा एका पातेल्यातला. आस्वाद एक कसा असेल? सजावट करणाऱ्याचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. गाव म्हणजे सगळ्यांचे आजोळ, अशी त्याची समजूत होती, आणि ती समजूत आपल्या ग्रामीण साहित्याच्या बऱ्याच भागाने घडवली आहे.

इथपर्यंत बोट दुसऱ्यांकडे होते. आता आपल्याकडे. आपल्या आत्मकथनांनी भूक लिहिली, उष्टे लिहिले, मेलेल्या जनावराची वाटणी लिहिली. ते लिहिणे अटळ होते. पण चवीचा अधिकार आपण जवळजवळ त्यांच्याकडेच सोडून दिला. सुखाने, पाय पसरून, कोणाच्या नजरेशिवाय चाखणे हा आपल्याला दुय्यम, पांढरपेशा विषय वाटतो. म्हणूनच त्या विद्यार्थ्याला मी हसलो. गंगारामांकडे गिऱ्हाईक केवळ राजाच्या धाकाने येत होते, असे म्हटले की आपण गंगारामांच्या हाताला काहीच श्रेय ठेवत नाही. धाकाने माणूस एकदा चहा पितो. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पायांनी आला, तर चहात काहीतरी असले पाहिजे. आला का, कोण आला, कुठे बसला?

तो विद्यार्थी आता एम. ए.ला आहे. गेल्या महिन्यात त्याने प्रबंधिकेसाठी विषय मागितला, तेव्हा मी त्याचाच प्रश्न त्याला परत दिला. भाऊसिंगजी रस्त्यावरच्या जुन्या माणसांकडे जा, म्हटले, संस्थानचे कागद बघ. चहात आले घालत होते की वेलदोडा, कपबशा किती होत्या आणि त्या कोण विसळत होते, बाकडी आत होती की फळीवर उभ्याने प्यायचा, आणि ज्या दिवशी महाराजांचा खडखडा त्या रस्त्याने आला नाही, त्या दिवशी किती कप खपले.